कठाणीचे डोह

आपल्या शहरी लोकांचा नदीशी संबंध येतो तो फक्त दोन वेळा. एकदा पाणीकपात जाहीर होते तेव्हा, आणि एकदा पूर येऊन ट्रॅफिक तुंबतो तेव्हा. मधल्या काळात नदी म्हणजे पुलावरून जाताना नाक दाबायची जागा. त्यामुळे 'नदीची किंमत काय?' असं विचारलं तर आपण टीएमसी आणि मेगावॅटमध्ये उत्तर देणार. सरकारी अहवालातही तेच असतं.

पण गडचिरोलीहून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर धानोरा आहे, आणि त्याच्या अलीकडे मेंढा (लेखा) नावाचं छोटंसं गोंड गाव. शेजारून कठाणी नदी वाहते. या गावाकडे त्याच प्रश्नाचं वेगळं उत्तर आहे.

थोडं मागे जाऊ. १९८० च्या दशकात इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन मोठी धरणं बांधायचं घाटत होतं. वीज मिळणार होती, पण त्यासाठी जंगल आणि आदिवासींची गावं बुडणार होती. 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे आणि लालश्याम शाह महाराज त्यात पुढे होते. धरणं झाली नाहीत. पण मेंढ्यातल्या लोकांच्या डोक्यात एक प्रश्न राहिला : आपल्या जंगलाचं, पाण्याचं काय करायचं हे दुसरंच कोणी का ठरवतं? 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा त्यातूनच आली. देवाजी तोफा गावातले, आणि मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरहून आलेले सोबती.

आता घोषणा देणं सोपं असतं हो. खरी परीक्षा पुढे असते.

उन्हाळ्यात अशा नदीची धार तुटते आणि मागे डोह उरतात. सगळे मासे तिथे गोळा होतात. मासे धरायची एक जुनी, सोपी पद्धत म्हणजे ठरावीक झाडांची साल किंवा फळं कुटून डोहात टाकायची. त्यातल्या रसायनांनी माशांचे कल्ले काम करेनासे होतात, मासे वर तरंगतात, आपण वेचून घ्यायचे. पुढे झाडपाल्याच्या जागी बाजारातली कीटकनाशकं आली की संपलंच. मोठ्या माशांबरोबर पिल्लं आणि पाण्यातले किडेही जातात. म्हणजे पुढच्या वर्षीचं जेवणही याच वर्षी संपवायचं!

मेंढ्यात अशा विषयांवर 'अभ्यास गट' बसतो. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र चर्चा करतात, आणि मग निर्णय ग्रामसभा घेते. तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. (आपल्या प्रोजेक्ट मीटिंगमध्ये करून बघा, रिलीज कधीच होणार नाही!) विष घालून मासेमारी बंद करायचं गावाने असंच ठरवलं. वरून आदेश आला नव्हता. एक सोय त्यांनी स्वतःहून सोडली, कारण डोह जिवंत राहणं त्यांना जास्त मोलाचं वाटलं.

कायदा नंतर आला. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत मासे आणि जलाशयातल्या इतर उत्पादनांचा स्पष्ट उल्लेख आहे. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूमुळे गाव देशभर गाजलं. डोहांबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

पण एक अडचण उरतेच. जंगलाला हद्द आखता येते, नदीला येत नाही. कठाणी वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते आणि सगळं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला. त्या वाटेवरच, जिथे इचमपल्ली होणार होतं त्याच्या थोडं वर, २०१९ मध्ये मेडीगड्डा बॅरेज सुरू झालं. सिरोंचातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, आंदोलनं झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅरेजचे खांबच खचले. नदीकाठच्या किती गावांना कोणी विचारलं होतं?

मेंढ्याची पद्धत एका गावापुरती चालते, हे सिद्ध झालंय. ती एका अख्ख्या नदीला लावायची कशी, हा खरा प्रश्न आहे. माझ्याकडे उत्तर नाही. पण सुरुवात कुठून करायची ते कठाणीच्या काठी दिसतं : आधी काठावरच्यांना विचारा, मग मेगावॅट मोजा.