फादर सांतापाव आणि कारवीचे नाव

निसर्गाच्या अभ्यासात आयुष्य वेचणाऱ्या धर्मगुरूंचा विषय निघाला, की वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करणाऱ्या मेंडेलचे नाव हटकून घेतले जाते. आपल्या सह्याद्रीत तितक्याच निष्ठेने हिंडलेल्या एका येशूसंघीय धर्मगुरूचे स्मरण मात्र क्वचितच होते. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म १९०३ साली स्पेनमधील ला गालेरा या गावी झाला. १९२८ मध्ये ते हिंदुस्थानात आले, १९४० पासून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले आणि १९७० साली मुंबईतच ते प्रभुचरणी विलीन झाले. त्याच कॉलेजात स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी वनस्पतिसंग्रहाचा पाया आधीच घातला होता. हा संग्रह आज ब्लॅटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो.

फादर सांतापाव यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुक यांचा विस्तृत ग्रंथ उपलब्ध असताना घाटमाथ्यावरच्या एकाच गावासाठी इतकी वर्षे का वेचावीत, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु सह्याद्रीतील कित्येक वनस्पती पावसाळ्यात काही आठवडेच दर्शन देतात. ती वेळ हुकली, की अभ्यासकाला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते. आणलेली फांदी कागदात दाबायची, ओल धरून बुरशी येऊ नये म्हणून कागद पुनःपुन्हा बदलायचे, स्थळ आणि तारीख नोंदवायची. या कामात घाई चालत नाही.

संयमाचा हा धडा कारवीइतका स्पष्टपणे दुसरे कोणते झुडूप देत नसेल. साधारण सात-आठ वर्षे ती नुसती वाढते. मग एकाच हंगामात सारा डोंगर जांभळा होतो, बी धरते आणि झुडूप मरून जाते. फादर सांतापाव यांनी १९५१ साली मुंबई प्रांतातील ज्या वनस्पतिकुळावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला, त्याच कुळातील ही वनस्पती.

तिच्या नावाचा इतिहासही बोधप्रद आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नीस यांनी १८३२ साली तिला 'स्ट्रोबिलँथस कॅलोसा' म्हटले. १९४४ साली ब्रेमेकाम्प या डच संशोधकाने तिच्यासाठी 'कार्व्हिया' ही निराळी प्रजाती कल्पिली. पुढे ते मत मागे पडून जुनेच नाव पुन्हा रूढ झाले. परंतु 'कार्व्हिया' हा शब्द आला कुठून? कारवीच्या काठ्यांचा कूड घालून त्यावर माती लिंपणाऱ्या डोंगरवासीयांच्या तोंडून! पंडितांची नावे बदलली, झोपडीतले नाव टिकले.

हर्बेरियममध्ये एक सुंदर शिस्त पाळली जाते. आधीच्या अभ्यासकाने दिलेले नाव चुकीचे ठरले, तरी त्याची चिठ्ठी काढून टाकत नाहीत. तिच्याशेजारी नवी चिठ्ठी डकवतात. आपलाही निर्णय उद्या कोणी दुरुस्त करील, हे मान्य करूनच प्रत्येकजण सही करतो. ही विनम्रता केवळ शास्त्राची नव्हे. सृष्टी आपण निर्माण केलेली नाही, असे मानणाऱ्या श्रद्धावंताला ती सहज उमजावी. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद आणि १९६७ सालची पद्मश्री लाभलेल्या या धर्मगुरूचे सारे आयुष्य अशा चिठ्ठ्यांच्या सहवासात गेले.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम प्राण्यांना नावे देतो. नाव देणे म्हणजे मालकी मिळवणे, असा त्याचा सोयीस्कर अर्थ माणसाने लावला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हा अर्थ नाकारून, राखण करण्याच्या जबाबदारीकडे लक्ष वेधले. खंडाळ्याच्या डोंगरांतून आता द्रुतगती मार्ग जातो, उतारांवर बंगले उभे आहेत. कारवी आयुष्यात एकदाच बी धरते. फुलण्याच्या आदल्या वर्षी उतार खणला गेला, तर त्या पिढीचे बी जमिनीत पडतच नाही. तिच्यासाठी सात वर्षे थांबण्याचा संयम आपल्यापाशी आहे काय? आपल्या श्रद्धेची कसोटी या प्रश्नातही आहे.