‘परम’चा प्रोसेसर

अमेरिकेने क्रे नाकारला आणि पुण्याने महासंगणक बनवून दाखवला, अशी ‘परम’ची कथा आपल्याकडे दोन वाक्यांत सांगतात. हवामानाच्या कामापुरता एक क्रे अटी घालून दिल्लीला मिळाला होता, हे त्यात गळते. मला मात्र त्या दोन वाक्यांच्या मधल्या प्रश्नात रस आहे : प्रोसेसर कोणता घ्यायचा?

१९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘सी-डॅक’ उभी राहिली. मुदत तीन वर्षांची. सूत्रे विजय भटकरांकडे. अकोला जिल्ह्यातला माणूस, अभियांत्रिकीची पदवी नागपूरची, १९६५ची. (सदरमध्ये बसून लिहिणाऱ्याला एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

क्रेसारखा खास प्रोसेसर घडवणे आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या चिप मोठ्या संख्येने जोडायच्या, असे ठरले. पण जोडायच्या कशा? सगळे प्रोसेसर एकाच मेमरीवर सोडले, की वाड्यातल्या एकुलत्या नळावर लागते तशी रांग लागते. आजही सदरमध्ये वर्कस्टेशन जुळवून घेणारा ‘कोअर किती?’ असे आधी विचारतो. मेमरीचे चॅनेल किती, हे क्वचितच. कोअर चौसष्ट आणि चॅनेल दोन, तर बरेच कोअर नुसते ताटकळत बसतात.

ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीच्या टी-८०० ट्रान्सप्युटरमध्ये या रांगेवर उपाय होता. प्रत्येक चिपला स्वतःची मेमरी, दशांश आकडेमोडीचा भाग चिपवरच, आणि शेजारच्या चिपांशी थेट बोलायला चार दुवे. १९९१चा ‘परम ८०००’ याच चिपवर चालला. इंटेलची आय-८६० तोवर बाजारात आली होती आणि कागदावर तिचा वेग कितीतरी जास्त होता; पण असे दुवे तिच्यात नव्हते. संथ चिप घेणे हाच त्या वेळी शहाणपणाचा निर्णय होता, असे माझे मत आहे. पुढे ‘परम ८६००’मध्ये दोघींना कामे वाटून दिली : आकडेमोड आय-८६०कडे, निरोप पोचवणे ट्रान्सप्युटरकडे.

या निवडीत एक धोकाही होता. चिप एकाच कंपनीची, आणि ती कंपनी १९८९मध्येच दुसऱ्याच्या हाती गेलेली. टी-९००० ही पुढची चिप रखडत राहिली, आली तेव्हा जग पुढे गेले होते. १९९४च्या ‘परम ९०००’साठी सी-डॅकने सुपरस्पार्क घेतली, १९९८च्या ‘परम १००००’साठी अल्ट्रास्पार्क. या दोन्ही चिप मुळात वर्कस्टेशनसाठी केलेल्या होत्या.