फ्रंटपेजची वाटचाल आणि मागे राहिलेले फोल्डर

१९९४ साली संकेतस्थळ उभे करायचे म्हणजे एचटीएमएलच्या खुणा हाताने टंकत बसायच्या, दुसरा मार्ग जवळपास नव्हताच. त्याच वर्षी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड यांनी एक लहानशी कंपनी काढली. फर्ग्युसन हे राज्यशास्त्राचे अभ्यासक, एमआयटीतून डॉक्टरेट केलेले. फोरगार्ड हाडाचे प्रोग्रामर. फर्ग्युसन यांना प्रिय असलेल्या डच चित्रकाराच्या नावावरून कंपनीचे नाव पडले व्हर्मीर टेक्नॉलॉजीज. १९९५ मध्ये तिचे एकमेव उत्पादन बाजारात आले, ते फ्रंटपेज. जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे १३ कोटी डॉलरला अख्खी कंपनीच विकत घेतली. फर्ग्युसन यांनी पुढे या व्यवहाराची हकिगत पुस्तकरूपाने लिहिली आणि मग ते माहितीपटांकडे वळले. २००८ च्या आर्थिक अरिष्टावरच्या ‘इनसाइड जॉब’ला ऑस्करही मिळाले. व्हर्मीरचे स्वतंत्र आयुष्य मात्र दोन वर्षांच्या आसपासच संपले.

एवढ्या थोड्या काळात या मंडळींनी जो विचार केला, तो आजही दाद देण्याजोगा आहे. त्यांनी एकेक पान नव्हे, तर संपूर्ण संकेतस्थळ हा एक प्रकल्प मानला. फ्रंटपेजचे दोन भाग होते. एक्सप्लोररमध्ये सगळ्या साइटचा पसारा दिसे आणि एडिटरमध्ये एकेक पान उघडून वर्डसारखे लिहिता येई. एखाद्या पानाचे नाव बदलले, की त्या पानाकडे जाणारे दुवे इतर सगळ्या पानांत आपोआप दुरुस्त होत. ज्यांनी पन्नास पानांच्या साइटमधले तुटलेले दुवे हाताने शोधले आहेत, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण ही सोय फुकट मिळत नव्हती. कोणते पान कोणाला जोडलेले आहे, कोणते चित्र कुठे वापरले आहे, याची नोंद कुठेतरी ठेवावीच लागते. व्हर्मीरने ती साइटच्याच फोल्डरमध्ये, पानांच्या शेजारी ठेवली. जुनी फ्रंटपेज साइट उघडून लपलेली फोल्डर दाखवायला सांगितली, की अंडरस्कोरने सुरू होणारी नावे दिसू लागतात: ‘_व्हीटीआय_सीएनएफ’, ‘_व्हीटीआय_पीव्हीटी’, ‘_व्हीटीआय_बिन’. यातली व्हीटीआय ही अक्षरे म्हणजे व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इन्कॉर्पोरेटेड. पहिल्या फोल्डरमध्ये प्रत्येक पानाच्या नावाची एक छोटी फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडावी. पान कोणी लिहिले, शेवटचा बदल केव्हा झाला, शीर्षक काय, कोणते दुवे बाहेर जातात, हे सारे एकेका ओळीत साध्या मजकुरात मांडलेले असते. दुसऱ्या फोल्डरमधल्या ‘स्ट्रक्चर’ नावाच्या फाइलमध्ये साइटची वंशावळ असते, म्हणजे मुखपृष्ठ कोणते आणि त्याखाली कोणती पाने. तिसऱ्यात सर्व्हरवर चालणारे प्रोग्राम, म्हणजेच फ्रंटपेजची एक्स्टेन्शन्स.

बाकीच्या फोल्डरांची कामे ठरलेली होती. चित्रे ‘इमेजेस’मध्ये, कडेच्या पट्ट्या ‘_बॉर्डर्स’मध्ये, तयार नक्षी ‘_थीम्स’मध्ये आणि प्रोग्रामने स्वतः रंगवलेली बटणे ‘_डिराइव्ह्ड’मध्ये. सर्वांत मोलाचे होते ‘_प्रायव्हेट’. पाहुण्यांना ते दिसत नसे. साइटवरचा फॉर्म कोणी भरला, की उत्तरे येथे एका मजकूर-फाइलमध्ये साठत जात. ‘आतापर्यंत इतक्या लोकांनी भेट दिली’ असे सांगणाऱ्या आकड्याची फाइलही इथेच.

एक गोष्ट मात्र फार वाईट झाली. ‘_व्हीटीआय_पीव्हीटी’मध्ये पासवर्डची फाइलही असे. पासवर्ड सांकेतिक रूपात असला, तरी सर्व्हरची परवानगी नीट लावलेली नसेल तर ती फाइल कोणालाही उतरवून घेता येई आणि शोधयंत्रांतून अशा फाइली सहज सापडत. घराची किल्ली दाराशेजारीच टांगून ठेवण्याचा हा प्रकार मायक्रोसॉफ्टच्या नावाला शोभणारा नव्हता.

मायक्रोसॉफ्टच्या हाती फ्रंटपेज वाढले आणि प्रकल्पाचा पत्ताही बदलत गेला. सुरुवातीला प्रोग्राम सोबत स्वतःचा छोटा सर्व्हर आणी आणि साइट ‘फ्रंटपेज वेब्ज’ या फोल्डरमध्ये राही. पुढे सी ड्राइव्हवर ‘माय वेब्ज’ आले, २००० च्या आवृत्तीत ते ‘माय डॉक्युमेंट्स’च्या आत सरकले आणि २००३ मध्ये त्याचे ‘माय वेब साइट्स’ झाले. सर्व्हरची अट सैल होऊन साइट नुसत्या डिस्कवरही ठेवता येऊ लागली, ही या प्रवासातली खरी प्रगती. एक पथ्य मात्र शेवटपर्यंत कायम होते. ज्या सर्व्हरवर फ्रंटपेजची एक्स्टेन्शन्स बसवली आहेत, तिथे एफटीपीने परस्पर फाइली चढवायच्या नाहीत. चढवल्या की व्हीटीआय फोल्डरमधल्या नोंदी आणि प्रत्यक्ष पाने यांचा मेळ सुटे.

२००३ ची आवृत्ती शेवटची ठरली. २००६ च्या अखेरीस फ्रंटपेज थांबले, त्याच्या जागी एक्स्प्रेशन वेब आले आणि २०१२ मध्ये तेही फुकट वाटून पुढचे काम बंद झाले. होस्टिंग कंपन्यांनी हळूहळू एक्स्टेन्शन्स काढून टाकली. फॉर्म बंद पडले, साइटवरचा शोध बंद पडला, भेटींचा आकडा थिजला. पाने मात्र उघडत राहिली. याचे कारण म्हणजे व्हर्मीरने केलेली एक शहाणी निवड. फ्रंटपेजला द्यायच्या खास सूचना ‘वेबबॉट’ या नावाने पानातच, पण एचटीएमएलच्या टिप्पणीच्या रूपात लिहिल्या जात. ब्राउझर टिप्पणी ओलांडून पुढे जातो. प्रोग्राम गेला तरी मजकूर, चित्रे आणि दुवे साध्या फाइलींतच होते.

नंतरच्या कित्येक साधनांनी नेमके हेच सोडून दिले. ॲपलच्या आयवेबमध्ये वापरणाऱ्याच्या सगळ्या साइट लायब्ररीतल्या एकाच ‘डोमेन’ फाइलमध्ये बंद असत आणि ती आयवेबशिवाय संपादनासाठी उघडत नसे. ॲडोबीच्या म्यूझनेही प्रकल्प स्वतःच्या खास फाइलमध्ये ठेवला, आणि २०१८ मध्ये म्यूझचा विकास थांबल्याची घोषणा झाली. दोन्हींतून बाहेर काढलेली एचटीएमएल पाने उरतात. ज्यात बदल करायचा, तो मूळ प्रकल्प मात्र अडकून पडतो. ड्रीमवीव्हरने पाने आपल्या फोल्डरमध्ये ठेवली, पण साइटची जोडणी विंडोजच्या रजिस्ट्रीत. संगणक बदलण्याआधी ती वेगळी निर्यात केली नाही, तर पुन्हा मांडावी लागते. माझ्या मते या सगळ्यांत फ्रंटपेजचीच मांडणी सर्वांत प्रामाणिक होती, पासवर्डचा घोळ जमेस धरूनही.

मराठी साइटना याहून वेगळा फटका बसला. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर शिवाजी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टंकला जाई. पानात फक्त फॉन्टचे नाव असे. फॉन्टची फाइल मात्र प्रकल्पात नसून विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये. काहींनी मायक्रोसॉफ्टच्या वेफ्ट या साधनाने फॉन्ट पानाबरोबर पाठवला, पण तो इंटरनेट एक्स्प्लोररपुरताच चाले. म्हणून आज जुनी साइट जशीच्या तशी हाती आली, तरी पडद्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन खिचडी दिसते. मजकूर शाबूत असतो, पण त्याची लिपी दुसऱ्याच फोल्डरमध्ये राहून गेलेली असते.

व्हर्मीरचे नाव मात्र पुसले गेलेले नाही. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटच्या पत्त्यांत ‘_व्हीटीआय_बिन’ आजही वापरात आहे.

तुमच्या मंडळाची, शाळेची किंवा वाचनालयाची जुनी साइट एखाद्या सीडीवर पडून असेल, तर नुसती पाने उचलू नका. लपलेल्या फोल्डरांसह सगळे उतरवून घ्या, ‘_प्रायव्हेट’मधल्या फाइली उघडून पाहा आणि ज्या फॉन्टमध्ये मजकूर टंकला होता, त्याची फाइल सोबत ठेवून मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. ती सीडी वाचणारा ड्राइव्ह अजून मिळतो आहे, तोवर हे काम उरकून घ्या.