कराबीन ते एमपी-फाइव्ह-के: आखूड बंदुकीचा हिशेब

आज बोलायचंय एका अगदी आखूड बंदुकीबद्दल. खरं तर बंदुकीच्या नकलेबद्दल. एमपी-फाइव्ह-के नावाची एक जर्मन सबमशीनगन आहे, तिची एअरसॉफ्ट आवृत्ती मिळते. म्हणजे बॅटरीवर चालणारी आणि प्लॅस्टिकचे सहा मिलिमीटरचे छर्रे मारणारी. आमच्या ग्रुपमध्ये सध्या हाच विषय चालू आहे. ही घ्यावी का? एवढी छोटी घेण्यात काय फायदा आणि काय तोटा? फीचर आणि किमतीचा तक्ता कोणीही करू शकतं. मला मात्र वाटलं की ही बंदूक मुळात आखूड झाली काहून, हे आधी पाहावं. तो इतिहास कळला की नकलेचे फायदे-तोटे आपोआप दिसायला लागतात.

सुरुवात घरापासूनच करू. २९ नोव्हेंबर १८०३, अकोला जिल्ह्यातलं अडगाव. इंग्रजी पुस्तकांत याला आरगाव म्हणतात. वेलस्लीची फौज एका बाजूला, नागपूरकर भोसले आणि शिंद्यांची फौज दुसऱ्या बाजूला. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला, म्हणजे चिखलदऱ्याला जाताना आपण जिथे गाडी थांबवून फोटो काढतो तो. या लढायांत कंपनीच्या पायदळाच्या हातात जी बंदूक होती तिची नळीच ३९ इंचांची. लाकूड धरून पूर्ण बंदूक साडेचार फुटांच्या वर. तोंडाकडून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजानं ठासायची. जमिनीवर उभ्या माणसाला हे जमतं. आता हेच घोड्यावर बसून करून पाहा. एका हातात लगाम, खाली घोडा हलतोय, आणि साडेचार फुटांची नळी सांभाळायची. म्हणून घोडेस्वारासाठी नळी कापून छोटी केलेली बंदूक आली. तिला इंग्रजीत कार्बाइन आणि आपल्या जुन्या मराठीत कराबीन. घोडेस्वाराला ती खोगिराला लटकवता यायची. बदल्यात गोळीचा पल्ला आणि नेम दोन्ही घटायचे. पण घोडेस्वाराला लांबचा नेम धरायचाच नव्हता, त्यामुळे सौदा परवडत होता.

इथून पुढे दोनशे वर्षं हाच सौदा पुन्हा पुन्हा होतो. जागा कमी आहे म्हणून बंदूक आखूड करायची आणि त्यासाठी काहीतरी सोडायचं.

पहिल्या महायुद्धात ही अडचण खंदकांत आली. अरुंद चरात लांब रायफल वळवताच येत नाही. जर्मनांनी १९१८ मध्ये एमपी-१८ काढली. रायफलची नाही तर पिस्तुलाची गोळी, पण घोडा दाबून धरला की सतत सुटणारी. सबमशीनगन म्हणतात ती हीच. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, इंग्रजांनी स्टेन काढली. डंकर्कहून माघार घेताना ढीगभर सामान तिकडेच राहिलेलं, त्यामुळे स्वस्त आणि झटपट काहीतरी हवं होतं. शेपर्ड आणि टर्पिन या दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं आणि एनफील्डचा ‘एन’ मिळून स्टेन. पत्र्याच्या नळ्या, वेल्डिंग, डाव्या बाजूनं आडवं मॅगझिन. दिसायला एखाद्या वर्कशॉपमध्ये राहिलेला पाइप. ती नुसती खाली पडली तरी गोळी सुटायची, अशी तिची ख्याती होती. पण चाळीस लाखांच्या आसपास बनल्या.

आपल्याकडे या बंदुकीचं नाव तिच्यापेक्षा जास्त जगलं. पोलिसाच्या हातात काहीही छोटं स्वयंचलित दिसलं की मराठी पेपरात ‘स्टेनगनधारी’ छापून येतं. खरं तर बरेचदा ती स्टेन नसते. तिची वारस स्टर्लिंग असते, जिची भारतीय आवृत्ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ‘९ मिमी कार्बाइन’ म्हणून बनत आली. म्हणजे कराबीन फिरून परत आली. दांडा दुमडल्यावर दीड फुटाच्या थोडी वर, पावणेतीन किलो, मॅगझिन किंचित वाकलेलं. जाता जाता एक गंमत. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये पांढऱ्या चिलखतातले शिपाई जी ‘लेझर गन’ वापरतात, ती स्टर्लिंगवरच चार गोष्टी चिकटवून केलेली होती. खऱ्यावरून खोटं बनतं, आणि त्या खोट्याचीच लोकांना जास्त ओळख राहते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता एमपी-फाइव्ह. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीची, साठच्या दशकातली. स्टेनसारखी ‘मारा चालू ठेव, काहीतरी लागेल’ अशी नाही. ही नेमाची सबमशीनगन. ५ मे १९८० ला लंडनच्या इराणी दूतावासावर ब्रिटिश कमांडो चढले, ते टीव्हीवर थेट दिसलं, आणि त्यांच्या हातातली ही बंदूक जगाला पाठ झाली. आपल्याला ती पाठ झाली २००८ च्या नोव्हेंबरात, मुंबईत उतरलेल्या एनएसजीच्या जवानांच्या हातात. माझ्या वयाच्या इंजिनिअरांना तिसऱ्या एका ठिकाणाहून माहीत आहे. हॉस्टेलच्या लॅनवर काउंटर-स्ट्राइक, १५०० डॉलरला मिळणारी. खोटं बोलू नका, तुम्हीपण घेतलीय.

या एमपी-फाइव्हला १९७६ मध्ये आणखी कापलं. ‘के’ म्हणजे ‘कुर्त्स’, आखूड. नळी २२५ मिलिमीटरवरून ११५ वर आणली. खांद्याला लावायचा दांडा काढून टाकला. पूर्ण बंदूक साडेबत्तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या फूटपट्टीपेक्षा इंचभर मोठी. पुढे एक उभी मूठ दिली, कारण नळी इतकी छोटी झाली की डावा हात चुकून तोंडासमोर जाऊ शकतो. ही अंगरक्षकांसाठी. कोटाच्या आत, गाडीच्या सीटखाली. कंपनीनं एक ब्रीफकेसही बनवली होती, बंदूक आत आणि घोडा ब्रीफकेसच्या मुठीत. साहेब ऑफिसला चाललेत असं वाटावं. इथे सौद्यातली वस्तू बदलली, हे पाहा. घोडेस्वारानं आखूडपणा घेतला तो बंदूक हाताळता यावी म्हणून. इथे घेतला तो बंदूक दिसू नये म्हणून.

याची किंमत भारी आहे. ही मिनिटाला नऊशेच्या वेगानं मारते, सेकंदाला पंधरा. तीस गोळ्यांचं मॅगझिन दोन सेकंदांत रिकामं. आणि तेवढ्यात झटके खाणारी वस्तू खांद्याच्या आधाराविना दोन हातांत धरायची. भरपूर सराव असलेल्या माणसाचं काम आहे ते.

आता नकलेकडे येऊ. एअरसॉफ्ट जपानचं अपत्य. युद्धानंतर तिथे सामान्य माणसाला बंदूक जवळजवळ मिळतच नाही. १९५८ चा कायदा कडक. म्हणून शौकिनांनी हुबेहूब मॉडेलं जमवायला सुरुवात केली. ती इतकी खरी दिसायला लागली की १९७१ मध्ये धातूच्या पिस्तुलांना पांढरा-पिवळा रंग आणि बंद नळी सक्तीची झाली. मग प्लॅस्टिक आणि हलके छर्रे मारणारी खेळणी आली. १९९१ मध्ये तोक्यो मारुईनं मोटरवर चालणारी पहिली मोठी एअरसॉफ्ट रायफल बाजारात आणली. बॅटरी मोटर फिरवते, गिअर दट्ट्या मागे ओढतात, स्प्रिंग सुटते, दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. सायकलचा पंप उलटा विचार करून बनवल्यासारखं. पुढे एमपी-फाइव्हचं सगळं खानदान या रूपात आलं, ‘के’सकट.

थोडं गणित करू. ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटरनं निघाला तर त्याची ऊर्जा होते १ ज्यूल. खरी ९ मिमीची गोळी आठ ग्रॅमची, सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर, म्हणजे ५०० ज्यूलच्या आसपास. पाचशे पटींचा फरक. या फरकामुळे आखूडपणाचा जुना हिशेब उलटापालटा होतो.

खऱ्या बंदुकीत नळी कापली की वेग आणि नेम जातो. एअरसॉफ्टमध्ये फारसं बिघडत नाही. दट्ट्याच्या नळकांड्यात जेवढी हवा, तेवढाच जोर. ती हवा संपल्यावर पुढची नळी छर्ऱ्याला उगाच घासते. नेम येतो तो नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या रबराच्या एका छोट्या गाठीमुळे. हॉप-अप म्हणतात त्याला. छर्रा तिला घासून जाताना उलटा फिरतो आणि त्यामुळे हवेत जास्त वेळ तरंगतो. क्रिकेटवाल्यांना मॅग्नस इफेक्ट वेगळा सांगायला नको. रबर चांगलं आणि छर्रे एकसारखे असले की आखूड नळी चालून जाते. खांद्याला दांडा नाही, तर इलेक्ट्रिक एअरसॉफ्टला झटकाही नाही. उलट एक फायदाच. डोळ्याला गॉगल आणि तोंडाला जाळीचा मास्क असतो, तेव्हा गाल दांड्याला टेकतच नाही. दांडा नसलेली बंदूक सरळ डोळ्यासमोर धरता येते. आणि आपल्याकडे या खेळाला साजेशी जागा म्हणजे काय? वऱ्हाडातली बंद पडलेली जिनिंग-प्रेसिंगची शेडं. मालकाची परवानगी असेल तर. खांब, अंधाऱ्या खोल्या, पंधरा-वीस मीटरचं अंतर. तिथे लांब रायफलवाला दरवाज्यात अडकतो आणि फूटभराची बंदूकवाला वळून मोकळा होतो.

रडगाणं बॅटरीचं. दांडा नाही, पुढचा भाग छोटा, तर बॅटरी ठेवायची कुठे? छोटी बॅटरी, कोंबलेल्या वायरी, आणि दुपारच्या आधीच हिचा दम संपतो. गॅसवर चालणाऱ्या आवृत्त्याही असतात, पण आपल्या भागात मी त्यांच्या वाट्याला जाणार नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तापमान वाढलं की मॅगझिनमधला गॅसचा दाब वाढतो. उन्हात उभ्या कारमध्ये असं मॅगझिन विसरणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. अजून एक, जो नवख्यांना कळत नाही. लांब बंदुकीचं तोंड कुठे आहे हे सगळ्यांना दिसतं. आखूड बंदूक माणूस बोलता बोलता हातवारे करत फिरवतो, आणि तोंड दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे जातं. १ ज्यूल कातडीला चिमटा काढतो. डोळ्याला मात्र आंधळं करायला पुरेसा आहे.

तरी हे सगळं किरकोळ. मोठी गोष्ट वेगळी आहे. मूळ बंदुकीचा सगळा मोल ती लपते यात होता. नकलेत ती लपणं कोणाच्याही कामाचं नाही, आणि धोका सगळा तिथेच आहे. कॉलेज बॅगेत ही सहज बसते. राजकमल चौकात बॅगेची चेन अर्धी उघडी राहिली आणि काळी मूठ बाहेर दिसली, तर बंदोबस्तावरच्या हवालदारानं १ ज्यूल आणि ५०० ज्यूलमधला फरक कशावरून ओळखायचा? दोन्ही सारख्याच दिसाव्यात यासाठीच तर कारखान्यानं मेहनत घेतलीय. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडला तामिर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. तिकडे अशा खेळण्याच्या तोंडाला केशरी टोपण असतं, त्याच्या पिस्तुलाचं निघालेलं होतं. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली. तो वाचला नाही. ते तर साधं पिस्तूल होतं. आपण इथे सबमशीनगनबद्दल बोलतोय.

म्हणून ब्रिटनमध्ये साध्या गिऱ्हाइकाला अशी नक्कल भडक दोन रंगांत घ्यावी लागते. हुबेहूब हवी असेल तर नोंदणीकृत खेळाडू असावं लागतं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम. त्यात हवेच्या बंदुकीला परवान्याच्या बाहेर ठेवण्यासाठी दोन मापं आहेत. ऊर्जा २० ज्यूलच्या आत आणि नळीचा व्यास ०.१७७ इंचाच्या आत, म्हणजे साडेचार मिलिमीटर. नेमबाज वापरतात ती एअर रायफल याच मापाची. एअरसॉफ्ट पहिली अट हसत पास होते. दुसरीत अडकते, कारण तिचा छर्राच ६ मिलिमीटरचा. त्यामुळे विकणारा जेव्हा म्हणतो, ‘काही नाही होत भाऊ, खेळणंच तं आहे’, तेव्हा ते वाक्य बिलावर लिहून मागा. आणि पैसे देण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जाऊन विचारा. अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या.

माझं मत विचाराल तर शेडमध्ये खेळायला ‘के’ एक नंबर आहे. पण स्वतःची घेऊन घरी ठेवायला नको. परवाना, पेटी, कुलूप यांची जबाबदारी घेणाऱ्या मैदानानं ठेवावी, आपण तिथे जाऊन भाड्यानं वापरावी. मैदान घरापासून लांब असेल तर महिन्यातून एकदाच जाणं होईल. आणि ज्याला खरंच नेमाची ओढ आहे त्यानं त्याच पैशात १० मीटर एअर रायफलचा क्लास लावावा. २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्निल कुसाळे कोल्हापूरकडचाच, फार लांबचा नाही. त्या बंदुकीला आखूड होण्याची काहीच गरज पडलेली नाही.

पुढच्या भागात अडगावच्या लढाईवर नीट बोलू. तोफांचा आवाज सुरू झाल्यावर कंपनीच्या काही पलटणींनी पाठ कशी फिरवली, आणि वेलस्लीनं त्यांना परत कसं आणलं, तिथून सुरुवात करू. भेटूया.