प्रवाह तोडण्याची विद्या

बोरिवलीहून अंधेरीच्या शाळेत जाताना मी कित्येक वर्षे उभ्याने प्रवास केला. जुनी लोकल सुटली की डब्याखाली खटके पडत आणि अंगाला हिसके बसत. त्यांचे कारण मला मॅट्रिकच्या विज्ञानाने सांगितले नव्हते. ते फार उशिरा कळले.

कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी 1928 च्या जानेवारीत सुरू झाली, ती 1500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. मोटारीला एकदम सारी वीज दिली तर ती जळायची. म्हणून मध्ये रोधक घालायचे आणि वेग वाढेल तसा एकेक वगळायचा. प्रत्येक वगळणीला एक हिसका! तोवर बरीचशी वीज रोधक तापवण्यात फुकट जाई, आणि थांबताना सारा वेग ब्रेकच्या ठोकळ्यांत झिजे.

हवी होती ती सेकंदाला शेकडो वेळा प्रवाह जोडणारी आणि तोडणारी कळ. जोडणे सोपे, अडते ते तोडण्यापाशी. (वर्गातला गलबला सुरू होणे सोपे की थांबवणे, हे मास्तरांना विचारा.) अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1957 साली सिलिकॉनचा थायरिस्टर केला. तो इशाऱ्यासरशी प्रवाह सोडी, पण इशाऱ्याने थांबत नसे. पुढे थांबणारा प्रकार निघाला, तर त्याला थांबवायला जोरकस उलटा प्रवाह लागे.

त्याच कंपनीत, मद्रासच्या आयआयटीत शिकलेल्या बी. जयंत बाळिगांनी 1980 नंतरच्या एकदोन वर्षांत वेगळी वाट काढली. मॉसफेट ही कळ नुसत्या विजेच्या दाबावर चालते, पण मोठा दाब सोसायचा म्हटले की तिचा विरोध भलताच वाढतो. द्विध्रुवी ट्रान्झिस्टर भरपूर प्रवाह वाहतो, पण चालायला स्वतःच प्रवाह मागतो. बाळिगांनी एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात दुसऱ्याचा लगाम पहिलीच्या हाती दिला. हीच आयजीबीटी.

पण तिच्याच थरांत एक थायरिस्टर दडून बसला होता! तो जागा झाला की कळ हट्टाला पेटे, बंदच होईना. आतली रचना बदलून त्याला निजवावे लागले. शिवाय बंद केल्यावरही आत रेंगाळणारे विद्युत्‌भार तिला मंद करीत. त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा हा उतारा निघाला. या कामाबद्दल 2024 साली बाळिगांना फिनलंडचा मिलेनियम पुरस्कार मिळाला.

पश्चिम मार्गावर 2007 च्या नोव्हेंबरात जांभळी-पांढरी लोकल आली, ती याच कळा पोटात घेऊन. सुटताना नुसता चढत जाणारा गुणगुणाट. थांबताना तिच्या मोटारी उलट वीज तयार करून तारेत परत सोडतात, आणि पुढची गाडी ती वापरते. सुमारे 30 टक्के बचत होते म्हणतात. रोधकांच्या जुन्या गाड्यांनी 2016 पर्यंत मुंबईचा निरोप घेतला.

मी मात्र गाडी सुटताना अजून दांडी घट्ट धरतो.