प्रकाश सूक्ष्मदर्शक : गोंदिया जिल्ह्यातील रक्ततपासणीच्या संदर्भात

दृश्य प्रकाश आणि भिंगे यांच्या साहाय्याने नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूची मोठी व सुस्पष्ट प्रतिमा देणारे उपकरण. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात हिवताप, हत्तीरोग आणि सिकलसेल हे तिन्ही आजार आढळतात. तिन्हींची खूण रक्तात सापडते. पण ती पाहायला प्रत्येकासाठी वेगळे भिंग लागते, आणि या उपकरणाचे तत्त्व त्या फरकातच नीट कळते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील मिडलबर्गच्या चष्मेकारांनी एका नळीत दोन भिंगे बसवली, असे मानतात. श्रेय झकारियास यान्सेन यांना देण्याचा प्रघात असला, तरी त्याचा पुरावा कच्चा आहे. १६६५ मध्ये रॉबर्ट हुक यांच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात बुचाच्या कापातील कप्प्यांचे चित्र आले. त्यांना हुक यांनी ‘सेल’ म्हटले. मात्र त्या काळच्या दोन भिंगांच्या उपकरणांत प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर येई. म्हणूनच डेल्फ्टचे कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक हे एकाच इवल्या भिंगाने सर्वांच्या पुढे गेले. त्यांच्या उरलेल्या उपकरणांपैकी एक सुमारे २७० पट विशालन देते. १६७४ मध्ये त्यांनी रक्तातील तांबड्या पेशींचे वर्णन केले, १६७६ मध्ये जीवाणूंचे. त्यांनी विद्यापीठाचे शिक्षण घेतलेले नव्हते. रंगीत झालरीचा रंगदोष आणि भिंगाच्या गोलाईमुळे प्रतिमा धूसर करणारा गोलीय दोष एकत्र आवरण्याची रीत जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० मध्ये दाखवली. अल्जीरियात लाव्हरान यांना १८८० मध्ये रक्तात हिवतापाचा परजीवी दिसला. रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत तो डासाच्या जठरात सापडला.

संयुक्त सूक्ष्मदर्शकात वस्तूजवळचे वस्तुभिंग नळीत उलटी, मोठी प्रतिमा तयार करते आणि नेत्रिका ती आणखी मोठी करून दाखवते. दोन्हींच्या विशालनांचा गुणाकार म्हणजे एकूण विशालन : ४० पट वस्तुभिंग व १० पट नेत्रिका मिळून ४०० पट. पण खरी कसोटी विशालनाची नाही, विभेदनाची आहे. जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दिसले नाहीत, तर प्रतिमा कितीही मोठी केली तरी ती धूसरच राहते. ही मर्यादा प्रकाशाच्या विवर्तनामुळे येते. १८७३ मध्ये अर्न्स्ट आबे यांनी तिचा नियम मांडला : दोन बिंदूंमधील किमान अंतर म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी भागिले भिंगाच्या संख्यात्मक द्वारकाची (भिंग किती तिरके किरण आत घेते, याच्या मापाची) दुप्पट. हिरव्या प्रकाशात हे अंतर १० पट भिंगासाठी (द्वारक ०.२५) सुमारे १.१ मायक्रोमीटर, ४० पट भिंगासाठी (०.६५) ०.४२, तर तेलभिंगासाठी (१.२५) ०.२२ मायक्रोमीटर येते. हवेत द्वारक १ च्या पुढे जात नाही. काचेइतकाच अपवर्तनांक असलेले तेल भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये घातले, की तिरके किरणही भिंगात शिरतात.

आता गोंदियाच्या काचपट्ट्या पाहा. हत्तीरोगाच्या कृमीची अळी २५० ते ३०० मायक्रोमीटर लांब असते, म्हणून १० पट भिंग पुरते. ती रात्री त्वचेजवळच्या रक्तात येते. त्यामुळे आरोग्य कर्मचारी गावात रात्रीच रक्त गोळा करतात. सिकलसेलच्या पडताळणीत रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून ते झाकतात. प्राणवायू घटला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, आणि त्या ४० पट भिंगाखाली स्पष्ट दिसतात. मध्य भारतातील या दोषाची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. मात्र व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. त्यासाठी विद्युतसंचारण चाचणी लागते.

सर्वांत अवघड काम हिवतापाचे. परजीवीचे कोवळे, कड्यासारखे रूप जेमतेम १ ते दीड मायक्रोमीटरचे असते, म्हणून तेलभिंगाला पर्याय नाही. देवरी, सालेकसा यांसारख्या जंगलव्याप्त तालुक्यांत या तपासणीचे मोल मोठे आहे. रंगवल्याशिवाय परजीवी ओळखणे कठीण. त्यासाठी जसवंत सिंग व भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये तयार केलेला जे. एस. बी. रंग भारतभर रुजला. जाड थरात परजीवी लवकर सापडतो, पातळ थरात त्याची जात कळते. झटपट चाचणीच्या किटने निदान वेगाने होते. पण फॅल्सिपॅरम या जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाची बरीच किट परजीवी मेल्यावरही काही आठवडे होकारार्थी राहतात. औषध लागू पडले का आणि रक्तात किती परजीवी उरले, हे अजूनही काचपट्टीच सांगते.