स्वप्नातला बैल आणि जुळी बहीण

जुळी मुले झाली की नावे शोधायला आपल्याकडे फार लांब जावे लागत नाही. पेठ असो की नाशिक, घरातले कोणी ना कोणी राम-लक्ष्मण म्हणून मोकळे होते, दुसरे कोणी लव-कुश सुचवते. (वाल्मीकींच्या उत्तरकांडात थोरला कुश आणि धाकटा लव. आपण उगाच लवाला पुढे बसवतो.) या दोघांची नावे स्वप्नातून आलेली नाहीत. रक्षेसाठी ज्या दर्भाने त्यांना पुसले, त्याच्या शेंड्यावरून एकाचे आणि बुडख्यावरून दुसऱ्याचे नाव पडले.

मराठ्यांच्या इतिहासातली नावांची प्रसिद्ध जोडी शहाजी आणि शरीफजी यांची. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि त्या एका नावाचे दोन तुकडे दोन मुलांना मिळाले, ही हकिगत ग्रँट डफनेही १८२६ साली नोंदवली. पण हे भाऊ जुळे नव्हते. भोसले घराण्याच्या कथेत देवीच्या दृष्टान्ताचा प्रसंग आहे, तो मात्र वेरूळच्या पुरलेल्या धनाबद्दल आहे, मुलांच्या नावांबद्दल नाही.

जुळी, स्वप्न आणि नाव ही तिन्ही एकत्र सापडतात ती जैन परंपरेत, आणि त्या कथेच्या नायकाची सर्वांत मोठी मूर्ती नाशिक जिल्ह्यातच आहे. पेठच्या उत्तरेला सुरगाणा, कळवण ओलांडून बागलाणात गेले की ताहराबादजवळ मांगी-तुंगीचे सुळके दिसतात. तिथे अखंड पाषाणात कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे. तिची प्रतिष्ठापना फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली. दर्शनाला येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की एका परंपरेनुसार हे पहिले तीर्थंकर जुळ्यातले होते?

ती परंपरा श्वेतांबरांची. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र’ लिहिले, त्यात ती विस्ताराने येते. त्या आदिकाळी माणसे एकेकटी जन्मतच नसत. प्रत्येक जोडप्याला एकदाच मूल होई, तेही मुलगा आणि मुलगी असे जुळे, आणि तीच जुळी पुढे जोडपे म्हणून राहत. नाभी आणि मरुदेवी हे असेच एक युगल. मरुदेवीला गर्भ राहिला त्या रात्री तिने चौदा स्वप्ने पाहिली. पर्युषणात महावीरजन्माच्या वाचनाच्या दिवशी चांदीची चौदा स्वप्ने मिरवली जातात, ती हीच. फरक आहे तो क्रमाचा. इतर तीर्थंकरांच्या मातांना हत्ती पहिल्यांदा दिसतो, असे ‘कल्पसूत्र’ सांगते. मरुदेवीला पहिल्यांदा दिसला बैल, तोंडातून आत शिरणारा. आणखी एक गमतीचा तपशील तिथेच आहे. महावीरांच्या वेळी राजा सिद्धार्थाने स्वप्नपाठकांना बोलावून घेतले. ऋषभाच्या वेळी जगात स्वप्नपाठकच नव्हते, म्हणून नाभीने बायकोच्या स्वप्नांचा अर्थ स्वतःच सांगितला.

मुलाचे नाव ऋषभ ठेवले, म्हणजे बैल. कारण काय? आईने स्वप्नात बैल आधी पाहिला, हे एक. बाळाच्या मांडीवर बैलाची खूण होती, हे दुसरे. दिगंबर परंपरेत, नवव्या शतकातल्या जिनसेनाचार्यांच्या ‘आदिपुराणा’त, स्वप्ने सोळा आहेत आणि पहिला हत्तीच आहे. तरी नावासाठी स्वप्नातला वृषभ येतोच, शिवाय ‘वृष म्हणजे धर्म’ असा तिसरा अर्थही जोडला जातो. माझ्या मते इथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबायला हवे. एकाच नावाला जेव्हा तीन कारणे सांगितली जातात, तेव्हा नाव आधीचे असते आणि कारणे मागाहून जमलेली असतात. इतर तीर्थंकरांकडे पाहिले की शंका बळावते. अरनाथांच्या आईने स्वप्नात चाकाचा आरा पाहिला, नेमिनाथांच्या आईने चाकाची धाव, पार्श्वनाथांच्या आईने अंधारात आपल्या कुशीजवळून सरपटणारा काळा साप. प्रत्येक नावाला आईची एक रात्र चिकटवलेली आहे. टीकाकारांनी हे काम फार निष्ठेने केले.

पण ऋषभाबरोबर त्याच गर्भातून, त्याच चौदा स्वप्नांतून एक मुलगीही जन्मली होती. तिचे नाव सुमंगला. हेमचंद्राचार्य ‘यथार्थ’ आणि ‘पावन’ एवढे म्हणून पुढे जातात. तिच्यासाठी कुठलेही स्वप्न राखून ठेवलेले नाही. चौदांमध्ये लक्ष्मी होती, फुलांची माळ होती, पद्मसरोवर होते. नाव काढायला काय कमी होते?

याच कथेत एक मुलगी जुळ्यातून सुटलेली आहे. ताडाचे फळ डोक्यात पडून तिचा जुळा भाऊ लहानपणीच गेला. ज्या जगात कोणी एकटे नसते त्या जगात ती एकटी रानात हिंडत होती. लोकांनी तिला नाभीकडे आणले. ती सुनंदा. पुढे सुमंगला आणि सुनंदा या दोघींशी ऋषभाचा विवाह झाला, आणि कथेनुसार विवाहविधी तिथूनच सुरू झाला. आता चौदा स्वप्ने पाहण्याची पाळी सुमंगलेची. तिला भरत आणि ब्राह्मी ही जुळी झाली, सुनंदेला बाहुबली आणि सुंदरी. सुमंगलेला पुढे आणखी ४९ जुळी झाली, सगळे मुलगे. दिगंबर कथेत भरताच्या आईचे नाव यशस्वती आहे आणि जुळ्यांचा हा पसारा नाही, पण ब्राह्मी आणि सुंदरी तिथेही आहेत.

भरत चक्रवर्ती झाला, स्वप्नाचा अर्थ खरा ठरला. मात्र दोन्ही परंपरा एक गोष्ट सारखीच सांगतात. ऋषभाने उजव्या हाताने ब्राह्मीला लिपी शिकवली आणि डाव्या हाताने सुंदरीला अंक. ‘समवायांग’ सूत्रात अठरा लिपींची यादी आहे, तिची सुरुवात ब्राह्मीने होते. ‘भगवती’ सूत्राच्या आरंभी तर ब्राह्मी लिपीला नमस्कार आहे. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने अशोकाची अक्षरे लावली, तेव्हा त्या लिपीला आजचे नाव रूढ नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्वानांनी ते जैन-बौद्ध ग्रंथांतल्या अशाच याद्यांतून उचलले. मुलीवरून लिपीचे नाव पडले, की लिपीवरून मुलीची कथा घडली? ऋषभाला लावलेला निकष इथेही लावायचा तर मी दुसऱ्या बाजूला झुकतो. तरीही एवढे खरे, की स्वप्नाचा कौल भावाला मिळाला आणि लिहिण्याशी नाव जोडले गेले ते बहिणीचे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात याच लिपीतला एक लांबलचक लेख आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तो कोरला गेला. गौतमी बलश्री ही राजमाता त्यात आपल्या दिवंगत मुलाचे पराक्रम सांगते. त्या मुलाचे नाव स्वप्नातून आलेले नाही, आईवरूनच आलेले आहे : गौतमीपुत्र.